मदत संस्थेवरचा सायबर हल्ला: आधीची तयारी आणि हल्ल्यानंतरचे पहिले तास

१८ जानेवारी २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या लक्षात आलं की आपल्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं आहे. तपासात कळलं की हल्लेखोर ९ नोव्हेंबर २०२१ पासूनच, म्हणजे सत्तर दिवस आत होते. त्यांच्या हाती लागली ती ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती. युद्धात, आपत्तीत किंवा स्थलांतरात घरच्यांपासून तुटलेली माणसं, बेपत्ता व्यक्ती, त्यांना शोधणारे नातेवाईक, अटकेत असलेले लोक. जगभरातल्या किमान ६० रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंट संस्थांनी ती गोळा केलेली होती. हल्लेखोर आत आले ते लॉगिनशी संबंधित एका सॉफ्टवेअरमधल्या गंभीर त्रुटीतून. त्या त्रुटीचा पॅच, म्हणजे ती बुजवणारा अपडेट, उपलब्ध होता, पण तो वेळेत लावला गेला नव्हता, हे समितीनं स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

एवढ्या मोठ्या, जाणत्या संस्थेवर ही वेळ येते, तर दहा-वीस माणसांच्या संस्थेनं काय करायचं? पुष्कळ करता येतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की हवी. आपण कॉम्प्युटर वाचवायला निघालेलो नाही. आपल्या यादीत ज्यांची नावं आहेत त्या माणसांना वाचवायचं आहे. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर ठरवली आहे.

हातात आठवडाभराचाच वेळ असेल तर चार कामं उरका: सगळ्या ईमेल खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणारं लॉगिन), बँक तपशील बदलण्याचा नियम, जुन्या याद्यांची साफसफाई आणि संकटकाळाचा एकपानी आराखडा. बाकीचं त्यानंतर.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकं काय आहे ते शोधा

एका बैठकीत प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारा: लोकांची माहिती तुमच्याकडे कुठे कुठे आहे? उत्तरं ऐकून दचकायला होतं. मुख्य डेटाबेस असतोच, पण त्याशिवाय तीन वर्षांपूर्वीच्या प्रकल्पाची एक्सेल फाइल कुणाच्या लॅपटॉपवर असते, वाटपाच्या दिवशी घाईत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली यादी असते, ओळखपत्रांचे फोटो स्वयंसेवकांच्या खासगी फोनच्या गॅलरीत असतात, आणि भागीदार संस्थेला शेअर केलेली ड्राइव्हची लिंक अजून उघडीच असते. हे सगळं एका तक्त्यात लिहा: माहिती कोणती, कुठे आहे, कोण पाहू शकतं आणि ती चुकीच्या हाती गेली तर कुणाचं काय होईल.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. देणगीदारांचे पत्ते फुटले तर मनस्ताप होईल. पण हिंसाचारातून सुटून आलेल्या स्त्रियांच्या निवाऱ्याचा पत्ता फुटला तर जीव जाऊ शकतो. दोन्हींना सारखंच कुलूप लावणं हा अन्याय आहे.

दुसरी पायरी: जे लागत नाही ते ठेवू नका

माझ्या मते ही पायरी सगळ्यात परिणामकारक, आणि हिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जी माहिती आपल्याकडे नाही, ती चोरीला जात नाही.

वाटपाची एक साधी यादी समोर ठेवा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, फोन, गाव, घराचं जीपीएस स्थान, धर्म किंवा जमात, कुटुंबातली माणसं, अपंगत्व, आजार, ओळखपत्राचा क्रमांक, फोटो. आता एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारा: यावरून आपण कोणता निर्णय घेतो? कुटुंबातली माणसं किती यावरून धान्य किती द्यायचं ते ठरतं, म्हणून तो रकाना हवा. अपंगत्वावरून घरपोच द्यायचं का ते ठरतं, तोही हवा. पण ‘घरपोच: होय’ एवढं पुरे, अपंगत्व नेमकं कोणतं ते लिहायची गरज नाही. धर्माच्या रकान्यावरून वाटपाचा कोणताच निर्णय होत नसेल, तर तो फॉर्ममधूनच काढा. जीपीएस स्थान बहुतेकदा केवळ अॅपमध्ये सोय आहे म्हणून नोंदलं जातं. ते बंद करा.

उरलेल्यातून संवेदनशील भाग वेगळा करा. एका फाइलमध्ये नाव आणि संकेतांक, दुसऱ्या फाइलमध्ये संकेतांक आणि प्रकरणाचा तपशील. दोन्ही फाइली उघडण्याचा अधिकार असलेली माणसं अगदी मोजकी ठेवा. मात्र नाव काढलं की ओळख पुसली, असं समजू नका. लहान वस्तीत ‘वय ६२, एक पाय नाही, विधवा’ एवढ्यावरून सगळे तिला ओळखतात.

बायोमेट्रिक माहितीबाबत जास्तच सावध राहा. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे आणि बुबुळं बदलता येत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आली, तेव्हा आधीच्या राजवटीच्या आणि परदेशी सैन्यांच्या काळात जमवलेली बायोमेट्रिक माहिती तिथेच मागे राहिली. ज्यांनी ती विश्वासानं दिली होती, त्यांच्यासाठी तीच धोक्याची झाली. माहिती गोळा करताना आजचा माहोल पाहून भागत नाही. उद्या इथे कुणाचं राज्य असेल, हेही विचारात घ्यावं लागतं.

प्रत्येक यादीवर पुसून टाकण्याची तारीख लिहा. ‘ऑडिटसाठी ठेवावी लागते’ हे कारण नेहमी पुढे येतं. अशा वेळी देणगीदाराचा करार उघडून नेमकी अट वाचा. पुष्कळदा वाटपाचा पुरावा तेवढा मागितलेला असतो, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा फोटो नव्हे.

तिसरी पायरी: खाती, फोन, अपडेट

ईमेल खातं गेलं की जवळजवळ सगळंच जातं, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्यांना सक्तीचं करा, आणि ‘सगळ्यांना’ यात संचालक आणि विश्वस्तही आले. एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम कार्डाची फसवून अदलाबदल केली की तो चोराकडे जातो. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅप त्याहून चांगलं. मात्र खोट्या लॉगिन पानावर आपण स्वतःच कोड टाकला तर तेही हरतं. ॲडमिन, हिशेब विभाग आणि संवेदनशील प्रकरणं हाताळणारे कर्मचारी यांना सिक्युरिटी की (यंत्राला जोडायची छोटी किल्ली) किंवा पासकी (फोनमध्ये किंवा यंत्रात साठवलेली डिजिटल किल्ली) द्या. ती खऱ्या संकेतस्थळाशी बांधलेली असल्यामुळे खोट्या पानावर चालतच नाही.

आपत्तीच्या काळात माणसं पटापट येतात आणि जातात. तीन महिन्यांसाठी आलेल्या सहकाऱ्याचं खातं तो गेल्यावर दोन वर्षं चालू असतं. निरोपाच्या दिवशीच खातं बंद, हा नियम मनुष्यबळ विभागाच्या यादीत टाका. आठ जण मिळून वापरतात ते एकच खातं मोडा. त्यात कुणी काय केलं हे नंतर कधीच कळत नाही.

अपडेटची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असू द्या. इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असं काहीही, म्हणजे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये बाहेरून येण्याचा सुरक्षित मार्ग), लॉगिन पोर्टल, वेबसाइट, यांचा गंभीर त्रुटीवरचा पॅच काही दिवसांत लागलाच पाहिजे. रेड क्रॉसचा धडा हाच आहे.

फील्डवरच्या फोनबाबत तत्त्व सोपं आहे: जे फोनमध्ये नाही ते चेकपोस्टवर कुणाला काढून घेता येत नाही. कोबोसारख्या अॅपमध्ये भरलेला फॉर्म सर्व्हरवर गेला की फोनमधून पुसला जाईल अशी सेटिंग करता येते. ती लावा. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही. आणि प्रशिक्षणात हे स्पष्ट शब्दांत सांगा: शस्त्रधारी माणसानं फोन मागितला, उघडायला सांगितला, तर द्यायचा आणि उघडायचा. यंत्रासाठी कुणी जीव धोक्यात घालायचा नाही. तिथून सुटल्यावर लगेच कळवायचं, म्हणजे कार्यालयातून ते खातं लॉगआउट करता येईल.

चौथी पायरी: पैसे जातात तो रस्ता

मदत संस्थांचा पैसा बहुतेकदा साध्या फसव्या ईमेलनं जातो. २०१७ मध्ये सेव्ह द चिल्ड्रन फेडरेशनच्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेल खात्यात हल्लेखोर शिरले. पाकिस्तानातल्या आरोग्य केंद्रांसाठी सोलर पॅनल घ्यायची आहेत, असे खोटे कागद त्यांनी तयार केले आणि सुमारे १० लाख डॉलर जपानमधल्या खात्यात वळते झाले. विम्यामुळे त्यातली बरीचशी रक्कम परत मिळाली. लहान संस्थेकडे बहुधा तसा विमा नसतो.

असा ईमेल दिसतो कसा? अगदी सरळ. चालू असलेल्या खऱ्या पत्रव्यवहारालाच तो उत्तर म्हणून येतो, खाली मागचे सगळे संदेश असतात, बिलाचा क्रमांक बरोबर असतो. वर फक्त दोन ओळी: ‘आमचं नेहमीचं खातं ऑडिटमुळे तात्पुरतं बंद आहे. हा हप्ता सोबतच्या खात्यात भरावा, माल उद्या निघतोय.’ कधी पत्त्यात ‘एल’ अक्षराच्या जागी १ हा आकडा असतो. पण पुरवठादाराचंच खातं फुटलं असेल तर पत्ताही खराच असतो. म्हणून पत्ता निरखून पाहणं पुरेसं नाही.

नियम असा करा: बँक तपशील बदलायचा असेल तर आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाशी बोलूनच बदलायचा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. ठरावीक रकमेवरच्या व्यवहाराला दोघांची मंजुरी लागेलच. पूर आला, भूकंप झाला तरी हा नियम शिथिल करायचा नाही, कारण चोर नेमकी तीच वेळ निवडतात. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करा आणि व्यवहार थांबवायला सांगा. अंतर्गत चौकशी नंतर.

ओळखीच्या संस्थेकडून आलेला ईमेलही सुरक्षित मानू नका. मे २०२१ मध्ये अमेरिकी मदत संस्था यूएसएडचं सामूहिक ईमेल पाठवण्याचं खातं ताब्यात घेऊन १५० हून अधिक संस्थांमधल्या सुमारे ३,००० खात्यांकडे घातक दुव्याचे ईमेल पाठवले गेले होते. पाठवणारा खरा होता, ईमेल खोटा होता.

पाचवी पायरी: बॅकअप आणि नोंदी

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आणि त्यातली निदान एक नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जोडलेला बॅकअपही कुलूपबंद करतं. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून खरोखर फाइली परत आणून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

लॉगबद्दल, म्हणजे यंत्रणेत कोण कधी आलं आणि काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींबद्दल, सहसा कुणी बोलत नाही. हल्लेखोर सत्तर दिवस आत असतील आणि तुमचे लॉग तीस दिवसांनी पुसले जात असतील, तर ते कुठून आले आणि काय घेऊन गेले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मग यादीतल्या सगळ्यांनाच ‘तुमची माहिती गेली असावी’ असं सांगावं लागतं. लॉग शक्य तर वर्षभर ठेवा, निदान सहा महिने, आणि मूळ सर्व्हरपासून वेगळ्या जागी.

सहावी पायरी: एक पान, छापील

संकटाच्या वेळी चाळीस पानी धोरण कुणी वाचत नाही. एका पानावर हे लिहा: निर्णय कोण घेणार आणि ती व्यक्ती नसेल तर कोण, सर्व्हर बंद करायचा अधिकार कुणाला आहे, तोही संचालकांना न विचारता, बँक, होस्टिंग कंपनी, विमा, वकील आणि देशाची सायबर आणीबाणी यंत्रणा यांचे फोन, भागीदार संस्थांचे संपर्क, आणि ईमेल बंद पडल्यावर बोलायचं कुठे. शेवटच्यासाठी सिग्नल या मेसेजिंग अॅपवर एक गट आजच तयार करून ठेवा. पान छापून घरी ठेवायला द्या. सर्व्हरवर ठेवलेला आराखडा सर्व्हरबरोबरच जातो.

बाहेरची मदतही आधीच हेरून ठेवा. ॲक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन नागरी संस्थांसाठी मोफत आहे आणि चोवीस तास चालते. जिनिव्हाची सायबरपीस इन्स्टिट्यूट स्वयंसेवी तज्ज्ञांमार्फत अशा संस्थांना मदत करते. वेबसाइटवर हल्ले होत असतील तर क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या प्रोजेक्ट गॅलिलिओखाली मोफत संरक्षण मागता येतं. अर्ज आज करा. संकटात अर्ज भरायला सवड नसते.

हल्ला झाला: पहिला तास

१. बाधित यंत्राची वायर काढा, वायफाय बंद करा, पण यंत्र बंद करू नका. मेमरीतले पुरावे बंद केल्यावर नाहीसे होतात. डोळ्यांदेखत फाइली कुलूपबंद होत असतील आणि नेटवर्क तोडणं शक्यच नसेल, तरच बंद करा.

२. बोलणं सिग्नलवरच्या गटात हलवा. हल्लेखोर तुमचे ईमेल वाचत आहेत असं धरून चाला.

३. एकानं वही घेऊन बसायचं. किती वाजता काय दिसलं, कुणी काय केलं, सगळं पेनानं. पुढे वकील, विमा कंपनी आणि तपासनीस हेच मागतात.

४. ईमेल खातं फुटलं असेल तर स्वच्छ यंत्रावरून आधी सगळीकडचं लॉगिन तोडा, मग पासवर्ड बदला. एवढ्यावर थांबू नका. फॉरवर्डिंगचे नियम, खात्याला जोडलेली बाहेरची अॅप्स आणि रिकव्हरीचा नंबर तपासा. पासवर्ड बदलल्यावरही ईमेलची प्रत गुपचूप बाहेर जात राहते, ती याच वाटांनी.

५. काहीही फॉरमॅट करू नका.

हल्लेखोर बरेच दिवस आत आहेत असं दिसलं तर एकेक दार बंद करत बसू नका. ते सावध होतात आणि उरलेल्या दारांतून पुढची चाल करतात. तज्ज्ञाला बोलवा, दारं मोजा आणि सगळी एकदम बंद करा. मात्र तसं थांबल्यानं माणसांना असलेला धोका वाढत असेल तर वाट पाहू नका.

पहिला दिवस: माणसं आधी

तांत्रिक चमू तपास करत असताना वेगळ्या टेबलावर दुसरी बैठक बसली पाहिजे. तिच्यात फील्डवरची माणसं हवीत, आणि प्रश्न एकच: जे गेलं असण्याची शक्यता आहे, त्यानं आज रात्री कुणाला धोका आहे? निवाऱ्याचा पत्ता गेला असेल तर तपास पूर्ण होण्याची वाट न पाहता तिथल्या स्त्रियांना हलवा. साक्षीदारांची नावं गेली असतील तर त्यांना निरोप पोहोचवा. पुरावा नंतर येईल. शंका चुकीची निघाली तर फार तर एक रात्र फुकट जाईल.

त्याच वेळी काम चालू ठेवायचं आहे. उद्याचं वाटप सर्व्हरसाठी थांबू नये म्हणून टोकन क्रमांक आणि कुटुंबाची माणसं एवढ्याच दोन रकान्यांची कागदी यादी आधीपासून तयार असावी. रेड क्रॉसलाही आपली यंत्रणा बंद ठेवावी लागली, तेव्हा कुटुंबं जोडण्याचं काम साध्या तक्त्यांवर, मंद गतीनं का होईना, सुरू राहिलं.

खंडणीची मागणी आली तर? माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. पैसे घेतल्यावर माहिती नष्ट केली जाईल याची हमी नसते, टोळी आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली असेल तर पैसे देणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि तो पैसा मुळात भुकेल्या माणसांसाठी आलेला असतो. तरीही निर्णय विश्वस्त मंडळानं वकिलाच्या सल्ल्यानं घ्यावा, आणि कुणीही परस्पर हल्लेखोरांना उत्तर देऊ नये. २०१६ मध्ये युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात काही जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. आधी तिथे पाहा.

कुणाला, केव्हा, कसं सांगायचं

कायद्याची मुदत आधीच माहीत करून घ्या. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याखाली नियामकाला ७२ तासांत कळवावं लागतं, काही देशांत मुदत याहून बरीच कमी आहे. भागीदार संस्थांना मात्र तासाभरात सांगा. तुमच्या यंत्रणेला जोडलेली त्यांची दारंही उघडी असू शकतात.

रेड क्रॉसनं हल्ला लक्षात आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो जाहीर केला, आणि ही माहिती पसरवू नका, विकू नका, असं हल्लेखोरांना उघड आवाहन केलं. नंतर लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी फोन, हॉटलाइन, पत्रं, जाहीर निवेदनं असे सगळे मार्ग वापरले. दुर्गम भागात तर माणसं प्रत्यक्ष पाठवून सांगावं लागलं. ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांना ईमेलनं कळवणं म्हणजे न कळवणंच.

एक धोका लक्षात ठेवा. ‘अमुक समाजाच्या लोकांची यादी चोरीला गेली’ असं पत्रक काढलं, तर अशी यादी अस्तित्वात आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. म्हणून धोक्यातल्या माणसांना आधी आणि सविस्तर सांगा, वर्तमानपत्रांना नंतर आणि मोजकं.

सांगताना चार गोष्टी, त्यांच्या भाषेत: तुमची कोणती माहिती गेली, त्यातून काय होऊ शकतं, तुम्ही आता काय करावं, आणि विचारायचं कुणाला. एक सूचना न विसरता द्या: आमच्या नावानं फोन करून कुणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर तो फसवणारा आहे. ‘गैरवापर झाल्याचा पुरावा नाही’ हे वाक्य, पुरावा नीट शोधला नसेल तर वापरू नका.

पुन्हा उभं राहणं आणि सराव

यंत्रणा घाईनं सुरू करू नका. स्वच्छ प्रतीवरून नव्यानं उभारा, सगळे पासवर्ड बदला, आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडून आत शिरण्याची चाचणी करून घ्या. ज्यानं चुकून दुव्यावर क्लिक केलं त्याला शिक्षा करू नका. केलीत तर पुढचा माणूस क्लिक लपवेल, आणि तुमचे सत्तर दिवस तिथूनच सुरू होतील.

सहा महिन्यांतून एकदा दोन तासांचा सराव ठेवा. कॉम्प्युटर लागत नाही. एकानं प्रसंग वाचायचा: शुक्रवारची संध्याकाळ, वाटप सोमवारी, लाभार्थी यादीची फाइल उघडत नाही, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आहे, संचालक विमानात आहेत. पाच मिनिटांनी पुढचं: एका पत्रकाराचा फोन, त्याच्याकडे यादीतली दहा नावं आहेत. आणखी पाच मिनिटांनी: निवाऱ्यातली एक स्त्री विचारते आहे, माझं नाव त्यात आहे का? प्रत्येकानं आपण काय करू ते मोठ्यानं सांगायचं, आणि फोन नंबर त्या छापील पानावरून खरोखर लावून पाहायचे. जिथे कुणालाच उत्तर सुचलं नाही तो प्रश्न, तो सोडवणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच बैठकीत त्या पानाच्या मागे लिहून घ्या.